खळीचे ठिपके

२७ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

शेवटी आज माळा पाण्यात सुटल्या. केसरीनाथच्या होडीतून खारबावच्या पुढच्या खाडीत गेलो, बांबूच्या माचाला एकेक माळ बांधली आणि कंबर धरून राहनाळला परत आलो. माळ म्हणजे जुन्या कालवांचे रिकामे शिंपले, मधोमध भोक पाडून नायलॉनच्या दोरीत ओवलेले. कालवाचं पिल्लू पाण्यात तरंगत येतं, त्याला बसायला टणक जागा लागते, ते शिंपल्यावर बसतं आणि वाढतं. पिल्लं बसली की माळा तळकोकणात पाठवायच्या. तिकडच्या स्वच्छ पाण्यात ती मोठी करतात. आपल्या खाडीतली खायची नाहीत, असं कालवपालनाच्या शिबिरातल्या मॅडमनी बजावलं आहे. कालव दिवसभर पाणी गाळत बसतं आणि पाण्यात जे असेल ते पोटात ठेवतं. आपल्या पाण्यात काय असतं ते भिवंडीच्या माणसाला सांगायला नको.

अठ्ठावीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये लूम मास्टर होतो. मार्चमध्ये शेठने सगळे लूम भंगारात काढले. "मास्टर, आजकल कपड़े से लोहा महँगा है," म्हणाला आणि हसला. मी हसलो नाही. ट्रकमध्ये लूम चढताना बघितले तेव्हाच ठरवलं की आता दुसऱ्याच्या शेडमध्ये उभं राहायचं नाही. लोकांनी वेड्यात काढलं. काढू देत.

प्रियंका गणपतीच्या आधी सासरहून, अंबरनाथहून आली ती अजून इथेच आहे. चार दिवस म्हणून आली होती. बायकोला, चंपाला विचारलं तर म्हणते, "ऱ्हाऊ द्या ना तिला. घर हाय तिचा." मी कुठे हाकलतोय? पण लग्न झालेली मुलगी माहेरी किती दिवस राहणार? शेजारी विचारायला लागलेत. तिचा संसार नीट राहावा, एवढंच मला पाहिजे.

३० सप्टेंबर

शिबिरात ऐकलेलं आज जेवताना दोघींना सांगितलं. कालवाची मादी एका वेळेला लाखो अंडी पाण्यात सोडते. पिल्लं दोन-तीन आठवडे नुसती वाहत फिरतात. मग त्यांना एक बारीक पाय फुटतो आणि डोळ्यासारखा काळा ठिपका येतो. त्या पायाने ती जागा चाचपून बघतात. पसंत नाही पडली तर पुन्हा पोहत दुसरीकडे. पसंत पडली की अंगातून सिमेंटसारखं काहीतरी सोडून तिथे चिकटतात ती कायमची. एकदा चिकटल्यावर पाय जातो, डोळाही जातो. तोंड तेवढं शिल्लक राहतं. माझ्या ओळखीत अशी बरीच माणसं आहेत.

प्रियंका म्हणाली, "म्हणजे आधी नीट बघूनच बसतात ती."

मी म्हटलं, "बघून बसतात, पण बसल्यावर हलत नाहीत. माणसाने हे शिकावं."

ती ताट घेऊन उठली.

दुसरी गोष्ट सांगितली तेव्हा चंपा पोट धरून हसली. कालव पहिल्यांदा नर असतं. वर्षभराने बहुतेक सगळी मादी होतात. चंपा म्हणाली, "पुढच्या जल्मी तुमी कालव व्हा. वरसभर मास्टरकी करा, मंग चुलीपुढं बसा." तिला काहीही शिकवायला जाऊ नये.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

एक आठवडा झाला. माळा उचलून पाहिल्या. एकही कालव नाही. शिंपल्यांवर बुळबुळीत शेवाळ आणि चिखलाचा पातळ थर. मला घाणीचा राग येतो. शिबिरात मी स्वतः लिहून घेतलं होतं, "शिंपले स्वच्छ हवेत", आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. माझ्या हाताखाली शुक्रवार म्हणजे साफसफाई. कारागीर सुट्टीवर गेले तरी मी आणि एक हेल्पर मिळून तारेच्या ब्रशने लूमचा कापूस, तेल, सगळं काढायचो. शेजारच्या शेडमध्ये कापडाला डाग पडायचे, माझ्याकडे कधी नाही. तोच ब्रश आज पिशवीत घालून नेला होता. होडीत बसून एकेक शिंपला घासला, खाडीच्या पाण्यात खळबळून पुन्हा सोडला. केसरीनाथ वल्हं धरून जांभया देत होता. माळा अशा पांढऱ्या झाल्या की बघत राहावं.

९ ऑक्टोबर

केसरीनाथने आज मध्येच विचारलं, "मास्टर, खारीला नारल दिला व्हता का तुमी?"

मी म्हटलं, आम्ही बौद्ध, आम्ही खाडीला नारळ देत नाही.

"तं मंग कालवांनी तरी कसा यावा?" म्हणाला. जणू कालवं आमंत्रणाची वाट बघत बसली आहेत! मग म्हणाला, माच बांधताना तोंड पश्चिमेला पाहिजे होतं. मग म्हणाला, एवढा मोबाईल घेऊन होडीत बसता, त्याच्या लहरींनी पिल्लं पळत असतील. हा माणूस खाडीवर जन्मला, आणि एका सकाळीत तीन कारणं दिली. त्यातलं एकही मला पटलं नाही. होडी मात्र त्याचीच आहे, म्हणून गप्प बसतो.

घरी आलो तर प्रियंकाने सांगितलं की इथल्या एका गोदामात तिला काम मिळालंय. बॉक्सवरचे कोड स्कॅन करायचे. सोमवारपासून. मी म्हटलं, दोन दिवसांच्या पाहुणीला काम कशाला? चंपाने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं गिळलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आजही कालव नाही. शेवाळ कमी. पण एक नवीनच त्रास. शिंपल्यांच्या आतल्या बाजूला बारीक भुरकट ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे. सुताला लावलेली खळ सुकून कापडावर पडते ना, अगदी तसे. नखाने निघत नाहीत. ब्रश दोनदा-तीनदा जोराने फिरवावा लागला. खाडीच्या पाण्यात रंगाच्या कारखान्यांचं काय काय येतं, त्याचाच हा थर असणार. हात सोलवटले, पण एक ठिपका ठेवला नाही.

संध्याकाळी बघतो तर प्रियंकाने टीव्हीच्या शेजारी मनीप्लांटची बाटली ठेवलेली आणि दाराला स्वतःच्या पर्ससाठी खिळा ठोकलेला. बाटली मागच्या ओट्यावर नेली. खिळा काढून भोकात चुना भरला. आपल्या घरात वस्तूंना जागा ठरलेल्या आहेत.

१२ ऑक्टोबर

खिळ्यावरून चंपा बोलत नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा ठिपके. या वेळी जास्त. आज सुट्टी असल्याने प्रियंका होडीत आली होती. बराच वेळ माझं घासणं बघत बसली. मग म्हणाली, "पप्पा, असं दर आठवड्याला घासायला सांगितलं होतं का मॅडमनी?"

"स्वच्छ हवेत असं सांगितलंय."

"ते पाण्यात सोडायच्या आधी असेल ना?"

मी म्हटलं, मी अठ्ठावीस वर्षं मशीन चालवलीय, मला मेंटेनन्स शिकवू नकोस. माझा आवाज जरा चढला असेल. ती लगेच "सॉरी" म्हणाली आणि दुसरा ब्रश घेऊन घासायला बसली. तिची ही सवय मला आवडते. वाद घालत नाही. लग्नाआधी फार घालायची. जावयांनी, नरेंद्ररावांनी चांगलं वळण लावलंय.

२० ऑक्टोबर

नरेंद्ररावांना फोन केला. फार टापटीप माणूस. बोलणं मोजकं, आवाज कधी वर नाही. म्हणाले, "मामा, मी तिला काही बोललो नाही. फक्त चूक दाखवतो. घर म्हटलं की शिस्त हवी." अगदी माझ्या मनातलं बोलले. असा जावई शोधून मिळत नाही. स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे, याचे फोटो काढून त्यांनी भिंतीला लावलेत, म्हणजे तिचा गोंधळ होऊ नये. मी लूमवर हेच करायचो.

फोनवर बोलत होतो तेव्हा प्रियंका दारात होती. मी फोन पुढे केला तर मान हलवून आत गेली.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज डोकं फिरायची वेळ आली. माळा कोऱ्या. ठिपके होते ते घासले. परत येताना केसरीनाथने नांगर वर ओढला, तर नांगराच्या दांड्यावर कालवं! जुन्या जेट्टीच्या खांबावर कालवं. कुणीतरी फेकलेल्या ट्रकच्या टायरवर कालवं. अर्ध्या बुडालेल्या प्लॅस्टिकच्या क्रेटवर, त्यावर एका कुरिअर कंपनीचं नाव वाचता येतं, त्यावरसुद्धा कालवं! फक्त ज्या माणसाने शिंपले निवडले, भोकं पाडली, ओवले, दर आठवड्याला घासून आरशासारखे ठेवले, त्याच्याकडे यायचं नाही. मी होडीतच टायरला शिव्या घातल्या. केसरीनाथ म्हणाला, "मास्टर, टायरचा काय चुकला?"

मॅडमना फोन लावला. म्हणाल्या, हंगाम अजून आहे, धीर धरा, माचाची खोली थोडी बदलून पाहा. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं तेव्हा कालवं तोंड मिटून बसतात, आता पाणी खारं झालंय, आताच अंडी सुटतात, आताच पिल्लं बसतात. डिसेंबरनंतर मात्र कठीण. घासण्याबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. जे आपण नीट करतोय ते सांगायचं कशाला?

१ नोव्हेंबर, शुक्रवार

घासलं. काही नाही.

३ नोव्हेंबर

प्रियंकाने माझ्या कपाटाचा खालचा कप्पा आवरून त्यात स्वतःचे कपडे लावले होते. घड्या नीट होत्या, त्यात दोष नाही. पण कपडे बॅगेतून कपाटात आले. हे लांबतंय. मी कपडे काढून बॅगेत भरले आणि बॅग कपाटावर ठेवली. मग नरेंद्ररावांना फोन करून सांगितलं की एक डिसेंबरला रविवार आहे, येऊन तिला घेऊन जा. ते म्हणाले, "बरं झालं तुम्हीच बोललात, मामा."

जेवताना प्रियंकाला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, पप्पा." चंपा म्हणाली, "तिला काय पायजे ता इचारला का तुमी?" मी म्हटलं, तिला काय पाहिजे ते तिने सांगावं, मी कुठे तिचं तोंड धरलंय? दोघी ताटात बघून जेवत राहिल्या. कालवाला बाहेरून कितीही हाका मारा, मिटलं की मिटलं.

८ नोव्हेंबर

ताप. काल गोदामाच्या रस्त्यावरच चक्कर आली. रक्त तपासलं, डेंग्यू. खाडीवर जाता येणार नाही. केसरीनाथला फोनवर म्हटलं की तू तरी घास, तर म्हणाला, "मास्टर, मी भांडी पण घासत न्हाय." माळांवर किती घाण बसेल या विचाराने ताप आणखी चढला.

१६ नोव्हेंबर

सलाईन संपलं, घरी आणलं. उठवत नाही. प्रियंका दुसऱ्या शिफ्टला जाते, सकाळी मला पेज भरवते. आज पेज जरा खारट झाली होती. मी तोंड वाकडं केलं असेल. ती चमचा खाली ठेवून म्हणाली, "सॉरी, सॉरी, परत करते," आणि वाटी ओढून घेतली. मी म्हटलं, अगं असू दे, तोंडालाच चव नाही. तरी तिने ओतून दिली आणि पुन्हा केली. एवढं घाबरायचं काय होतं? मी आजारी माणूस, मी काय करणार होतो तिला?

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज तिसरा शुक्रवार चुकला. प्लेटलेट वाढल्यात. बुधवारी काही झालं तरी जाणार.

२७ नोव्हेंबर, बुधवार



प्रियंका रजा घेऊन बरोबर आली, मी एकटा जाईन तर पडेन म्हणून. पहिली माळ वर ओढली आणि मी कपाळाला हात लावला. चिखल, शेवाळ, आणि सगळ्या शिंपल्यांवर खडबडीत, वेड्यावाकड्या खपल्या, नखाएवढ्या. मी म्हटलं, बघ, तीन शुक्रवार हात लागला नाही तर काय दशा झाली. पिशवीतून ब्रश काढला आणि पहिल्या शिंपल्यावर टेकवला.

"पप्पा, थांबा."

मी घासायला लागलो होतो. तिने माझं मनगट धरलं. लहानपणानंतर तिने मला असं कधी धरलं नसेल. "थांबा म्हणते ना!"

माझ्या खिशात कापडाचे धागे मोजायची काच असते, सवयीने अजून असते. तिने ती काढून घेतली, शिंपल्यावर ठेवली आणि मला वाकायला लावलं. खपलीला कड होती. कडेला पातळ वळ्या होत्या, एकावर एक. दोन झाकणं होती. आम्ही बघत असतानाच वरचं झाकण हललं आणि मिटलं.

कालव. प्रत्येक खपली कालव. तिने काच सरकवली, तिथे त्याहून लहान, आणि मधल्या जागेत माझे खळीचे ठिपके. काचेखाली तेही दोन झाकणांचे.

मी ब्रश हातात धरून बसलो.  केसरीनाथ म्हणाला, "आवं, ही तं कालवा!" जसं काही त्यालाच पहिल्यांदा दिसली. प्रियंका म्हणाली, "ती आली होती, पप्पा. पहिल्या महिन्यापासून येत होती."

मला तिच्या तोंडाकडे बघवेना. पिल्लं आली, पायाने चाचपलं, हजार जागा सोडून माझी पसंत केली, पाय आणि डोळा टाकून बसली, आणि मी शुक्रवार पाळला. नारळ नाही, दिशा नाही, रंगाचं पाणी नाही. मी. टायरकडे ती टिकली, कारण टायर काही करत नाही.

ब्रश मी खाडीत फेकणार होतो. प्रियंका म्हणाली, पाण्यात कचरा नको. मग पिशवीत ठेवला.

२८ नोव्हेंबर

मॅडमना फोटो पाठवले. त्या खूश. पहिल्या महिन्याचं त्यांना सांगितलं नाही, सांगवलं नाही. चंपाला सांगितलं. वाटलं हसेल. ती म्हणाली, "तुमचा पहिल्यापासून असाच हाय. चांगला कराया जाता नि जीव घेता." असं ती लूमबद्दल म्हणाली की कशाबद्दल, मी विचारलं नाही.

३० नोव्हेंबर

उद्या नरेंद्रराव येणार. प्रियंकाने गोदामात राजीनामा दिला. बॅग तिने स्वतः खाली काढली. घर शांत आहे. मला बरं वाटायला हवं.

१ डिसेंबर, रविवार

नरेंद्रराव सांगितलेल्या वेळेवर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. बसण्याआधी खुर्ची रुमालाने पुसली. माझ्या तब्येतीची विचारपूस केली. मला छान वाटलं.

प्रियंकाने चहा आणला. त्यांनी एक घोट घेतला आणि कप बशीत ठेवला. "साखर जास्त आहे." ओरडून नाही, अगदी सहज. ती कप घेऊन आत गेली, दुसरा घेऊन आली. घोट घेतला. "आता पातळ झालाय, प्रियंका." ती पुन्हा गेली. चंपा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिचे ओठ आवळलेले. मी म्हटलं, "अहो राहू द्या." ते हसले. "नाही मामा, चूक तिथल्या तिथे दाखवली की सुधारते. ती सुधारते, गुणी आहे."

तिसरा चहा आला. ती कप त्यांच्या पुढे ठेवून दोन पावलं मागे सरली आणि रिकामा ट्रे छातीशी धरून उभी राहिली. तिचं लक्ष त्यांच्या ओठांकडे होतं, आता त्यातून काय निघतं याच्याकडे. असं उभं राहणं मला फार ओळखीचं वाटलं. कारागीर कापडाचा तागा माझ्या टेबलावर टाकून असेच उभे राहायचे, मी डाग शोधत असताना. मोठमोठे बाप्ये. मला तेव्हा वाटायचं, ही माझी इज्जत. आणि माझी पोरगी, जी शाळेत असताना मला खोटं ठरवल्याशिवाय जेवायची नाही, ती माझ्याच घरात तशी उभी होती. मला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

नरेंद्ररावांनी कपाला हात लावायच्या आत मी तो उचलला. म्हटलं, "हा मी पितो." आणि प्यायलो. गरम होता, जीभ भाजली.

"मामा, तो माझा—"

"प्रियंका आज येणार नाही," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हीच बोलावलंत."

"हो. मीच बोलावलं. न विचारता बोलावलं."

"मग कधी येणार?"

 मी प्रियंकाकडे पाहिलं आणि तिला विचारलं. अडीच-तीन महिन्यांत पहिल्यांदा विचारलं. तिने ट्रे खाली ठेवला. तिचा आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. "मला नाही जायचं."

नरेंद्रराव भांडले नाहीत. रुमालाची घडी केली, खिशात ठेवली, लोक काय म्हणतील याचा विचार करा म्हणाले. मिठाईचा पुडा तेवढा परत नेला. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला.

मग प्रियंका माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. कपात डोकावून म्हणाली, "पप्पा, यातही साखर जास्तच पडली होती ना?"

"नुसता पाक होता," मी म्हटलं.

"मग सगळा प्यायलात कशाला?"

मी कप बशीत पालथा घातला. ती तोंडावर हात धरून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. थांबव असं मी म्हटलं नाही. चंपा आली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसली. मी तिथेच बसून राहिलो.